सरांचं शुद्धिपत्र

सरांच्या घरात पाच इंग्रजी शब्दांना बंदी होती. गुड, बॅड, बिग, नाइस आणि हॅपी. दाराच्या आतल्या बाजूला, जिथे लोक देवाचं कॅलेंडर लावतात, तिथे या पाच शब्दांची यादी चिकटवलेली होती आणि खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'निलंबित. चौकशी चालू.' बोलता बोलता यातला एखादा शब्द कुणाच्या तोंडून निसटला की त्याने उठून गॅलरीत जायचं आणि त्या जागी बसतील असे तीन दुसरे शब्द सापडल्याशिवाय आत यायचं नाही. मी पहिल्या आठवड्यात इतका वेळ गॅलरीत काढला की समोरच्या इमारतीतल्या बाईंनी माझ्या आईला विचारलं, "तुमची मुलगी रोज संध्याकाळी कुणाची वाट बघत असते हो?"

आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो. सर आमच्या शेजारच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मी तेव्हा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा द्यायची होती. गणिताची भीती नव्हती. भीती होती ती इंग्रजीच्या भागाची. मराठी माध्यमातली मुलगी. पेपरातले निम्मे शब्द मी कधी पाहिलेलेही नव्हते. कुणीतरी आईला सांगितलं, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या विक्षिप्त माणसाकडे पाठवा, तो शब्द शिकवतो.

सर पेशाने शिक्षक नव्हतेच. घाटकोपरच्या एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं प्रुफं तपासली. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला पातळ कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, जो कुणीच वाचत नाही, तो सर वाचायचे. तेच त्यांचं काम. शिवाय कंपन्यांचे अहवाल, कायद्याची पुस्तकं. स्वतः मालवणकडच्या गावात सातवीपर्यंत शिकून मुंबईला आलेले. इंग्रजी त्यांनी प्रुफांवरून उचललं. शब्द अडला की छापखान्यातला जाडजूड कोश उघडायचा आणि तो शब्द एका कार्डावर उतरवून घ्यायचा. कार्डं म्हणजे औषधाच्या खोक्यांचे वाया गेलेले पुठ्ठे, सारख्या मापाने कापलेले. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी खोकल्याच्या औषधाचं अर्धं नाव. छापखाना भिवंडीला हलला तेव्हा सर निवृत्त झाले, आणि ती हजारो कार्डं घेऊन घरी आले. तेव्हापासून ते मुलांना शिकवत होते.

वाचताना ते ओळीखाली स्टीलची पट्टी धरायचे. विजेचं बिल असो, हॉटेलातलं मेनूकार्ड असो, पट्टी आलीच. लग्नाच्या पत्रिकेत चूक सापडली की लाल पेनाने दुरुस्त करायचे, लग्नाला जायचे आणि वधूपित्याच्या हातात ती पत्रिका ठेवायचे. "दुसऱ्या मुलीच्या वेळी उपयोगी पडेल," असं वर सांगायचे. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पुढे पुढे त्यांच्याबरोबर लग्नांना जाणंच बंद केलं.

पण शिकवायला बसले की त्या माणसाकडे बघत राहावं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "आई रागावली, हे इंग्रजीत सांग."

"मदर इज अँग्री."

"बरं. आता मराठीत मला सांग, तुझी आई कधी चिडते, कधी रागावते, कधी संतापते, कधी खवळते, कधी भडकते आणि कधी नुसतीच फुगून बसते?"

मी हसले. पण खरंच, मला सगळं वेगवेगळं सांगता आलं. दूध उतू गेलं की चिडते. बाबा न सांगता पाहुणे घेऊन आले की फुगून बसते. भाऊ खोटं बोलला होता तेव्हा संतापली होती.

"बघ," सर म्हणाले. "मराठीत तुझ्याकडे सहा आया आहेत. इंग्रजीत एकच. त्या बाकीच्या पाच आपण शोधायच्या. बस गो."

त्या संध्याकाळी आम्ही पाच शोधल्या. मला अजून त्या पाठ आहेत.

त्यांची दुसरी रीत म्हणजे शब्द माणसाला बांधायचा. प्रत्येक कार्डावर अर्थाखाली ओळखीच्या एका माणसाचं नाव असायचं. अघळपघळ बोलणाऱ्याच्या शब्दाखाली आमच्या इमारतीतला इस्त्रीवाला. मितभाषी माणसाच्या शब्दाखाली वॉचमन. त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना कुठूनतरी कळलं की सरांच्या कार्डावर त्यांचंही नाव आहे, 'पॉम्पस', म्हणजे स्वतःचा बडेजाव मिरवणारा, या शब्दाखाली. ते अर्थ विचारायला वर आले. सरांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि गंभीरपणे सांगितलं, "भारदस्त असतं ना, त्याच्या थोडं पुढचं." सेक्रेटरी खूश होऊन खाली गेले आणि पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी तो शब्द स्वतःबद्दल वापरला.

रविवारी सकाळी ते आम्हा चौघा-पाच जणांना बाजारात न्यायचे. वांग्यांसमोर उभं करायचे. हे कसं आहे? गोल म्हणायचं नाही, मोठं म्हणायचं नाही. भाजीवाले वैतागायचे. मासळीबाजारात एक कोळीण होती, तिला मात्र मजा वाटायची. सर सुरमईच्या तुकडीकडे बोट दाखवून म्हणाले, "सुक्कुलेंट."

"काय बोलतंस रं मास्तर?"

"रसरशीत. तुमच्या मासळीला इंग्रजीत सुक्कुलेंट म्हणतात."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर ती लांबूनच ओरडत होती, "या रं पोरांनो, सुक्कुलेंट हाय आज!"

सरांच्या छापखान्यातली एक गोष्ट मला काकींनी सांगितली. सर स्वतः कधी बोलले नाहीत. औषधाच्या एका पत्रकात 'नॉट' हा शब्द गळला होता. गरोदर बायकांनी घेऊ नये, याचं घ्यावं असं झालं होतं. सरांनी प्रूफ तपासलं तेव्हा तो शब्द होता, नंतर मजकूर हलवताना कुठेतरी पडला. छापून, घड्या घालून माल टेम्पोत चढला होता. सरांनी सवयीने वरचा एक कागद उचलून वाचला आणि टेम्पोच्या समोर जाऊन उभे राहिले. मालक आला, ओरडला, ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, सर हलले नाहीत. "माझी चूक नाही, हे मला माहीत आहे," ते मालकाला म्हणाले, "पण मला दिसली. आता ती माझी." सगळा माल उतरवावा लागला. मालकाने त्यांना आठवडाभर घरी बसवलं. काकी म्हणाल्या, "ह्यांका काय त्याचा? घरात बसान वर्तमानपत्र सुधारीत बसले."

मला परीक्षेत चांगले गुण मिळाले. इंग्रजीच्या भागात तर आमच्या कॉलेजातल्या कुणापेक्षाही जास्त. मी पेढे घेऊन गेले. सरांनी पेढा हातात घेतला, मला विचारलं, "कसं वाटतंय?" मी 'हॅपी' म्हणणार नाही हे त्यांना माहीत होतं. मी तीन शब्द सांगितले. तिसरा ऐकून त्यांचे डोळे भरून आले आणि ते उगाच कार्डं आवरायला लागले.

अंधेरीच्या मॅनेजमेंट कॉलेजात पहिल्याच महिन्यात मला सादरीकरण करायचं होतं. मी तयारीने उभी राहिले आणि एका कंपनीबद्दल म्हणाले की ती अमुक गोष्टीची 'एपिटोम', म्हणजे मूर्तिमंत उदाहरण, आहे. पुढच्या रांगेतली एक मुलगी हसली. हसू दाबायचा प्रयत्न केला तिने, पण शेजारणीने तिला कोपर मारलं आणि दोघी खाली वाकल्या. नंतर एका मित्राने मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "इपिटमी म्हणतात यार. शेवटचा ई बोलतात."

मी घरी येऊन इंटरनेटवर एकेक शब्द ऐकायला लागले. आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. अतिशयोक्तीला 'हायपरबोल' नव्हतंच, हायपर्बली होतं. 'फॅकेड' नव्हतं, फसाड. 'सबटल' नव्हतं, सटल. दिशाभूल झालेल्या माणसाला सर 'मायझल्ड' म्हणायचे. आम्ही सगळे मायझल्ड म्हणायचो. तो नुसता मिसलेड होता.

मग लक्षात आलं. सरांनी हे शब्द कधी ऐकलेच नव्हते. छापखान्यात त्यांचा एक जोडीदार होता, तो मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि सर प्रुफावर नजर ठेवायचे. दोघेही मराठी शाळेतले. इंग्रजी जसं लिहितात तसंच बोलत असणार, असं धरून त्या दोघांनी आपापसात उच्चार ठरवून टाकले होते. चौतीस वर्षं त्या खोलीत तेच उच्चार चालले. अर्थ चोख, स्पेलिंग चोख, वापर चोख. फक्त आवाज त्यांचा स्वतःचा.

माझ्या मनात आलं, जाऊन सांगावं. त्या रविवारी गेलेही. सर गॅलरीत एका नव्या मुलाला उभं करून आत कार्डं लावत होते. मला बघून इतके खूश झाले. "काय गो, कॉलेजात शब्द चालतात ना आपले?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "हो सर. एकदम." आणि चहा पिऊन परत आले.

त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पहिल्या दिवशी ते खरंही असेल. पण नंतर? नंतर मला ते आवडायला लागलं. मी आता सरांच्या पुढे गेले होते आणि ते त्यांना माहीत नव्हतं, यात एक गुदगुली होती. सणावाराला भेटायला जायचे तेव्हा त्यांच्या तोंडून एखादा 'डेब्रिस' किंवा 'रेन्डेझवूस' ऐकला की मी मनातल्या मनात खूण करायचे. ओठांवर काही नाही.

पवईच्या कंपनीत लागल्यावर तर मी त्यांचा किस्सा केला. कँटीनमध्ये जेवताना कुणी काही गमतीचं सांग म्हटलं की मी सरांची नक्कल करायचे. पट्टी धरल्यासारखं बोट सरकवत, तोंड गंभीर ठेवून, "धिस मॅन इज द एपिटोम ऑफ हायपरबोल." सगळे टेबलावर हात आपटून हसायचे. नवीन कुणी आलं की म्हणायचे, "ए, ते सरांचं करून दाखव ना!" माझ्या मनात सरांबद्दल माया नव्हती असं नाही. नक्कल करताना ती असायचीच. म्हणून तर मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

आमच्या विभागाचं काम परदेशी ग्राहकांना पत्रं लिहिण्याचं. दर शुक्रवारी दुपारी तासभर बाहेरचं कुणीतरी बोलायला यायचं. एकदा माझ्यावर माणूस आणायची जबाबदारी आली आणि मी म्हणाले, माझ्या सरांना बोलावते. खरंच मनापासून म्हणाले. त्यांनी आयुष्यात एकदा तरी एवढ्या लोकांसमोर बोलावं, टाळ्या घ्याव्यात, असं मला वाटत होतं. सहा आयांची गोष्ट त्यांनी सांगितली तर ही सगळी मंडळी गार पडतील, याची मला खात्री होती. कँटीनची नक्कल तेव्हा माझ्या डोक्यातच आली नाही. इतकी ती रोजची झाली होती.

सर रिक्षाने आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं. हातात कापडी पिशवी. आम्ही तीस जण आहोत असं मी फोनवर सांगितलं होतं, म्हणून त्यांनी तीस कार्डं करून आणली होती. प्रत्येकावर वेगळा शब्द. स्वतः प्रत्येकाच्या खुर्चीपाशी जाऊन, दोन्ही हातांनी त्यांनी ते दिलं.

सुरुवात छान झाली. आयांची गोष्ट त्यांनी सांगितली, लोक हसले, मान डोलावली. माझे साहेब मागे उभे होते, तेही पुढे येऊन बसले. सर रंगात आले. मग म्हणाले, "आता तुम्ही पत्रात लिहिता, अमुक गोष्ट फार चांगली आहे. त्यापेक्षा म्हणा, इट इज द एपिटोम…"

"आला!" मागून कुणीतरी ओरडलं.

आणि सगळी खोली फुटली. तो शब्द ते लोक ओळखीच्या पाहुण्यासारखा ओळखत होते. दोघी-तिघी माझ्याकडे बघून हसत होत्या. एकाने तर पट्टी सरकवल्यासारखं बोट हलवून दाखवलं.

सर थांबले. आपण काही विनोद केला का, असा चेहरा. ते स्वतःही थोडं हसले, मग माझ्याकडे बघितलं.

मी काय करायला हवं होतं, ते मला आज नीट सांगता येतं. तेव्हा मला एवढंच वाटलं की माझी लाज जातेय. मी उठून म्हणाले, "सर, इपिटमी."

"काय?"

"उच्चार. एपिटोम नाही. इपिटमी म्हणतात."

हसणं बंद झालं. सर वळले, फळ्यावर देवनागरीत 'इपिटमी' असं लिहिलं आणि खाली एक रेघ ओढली. मग पाठमोरेच म्हणाले, "आणि बाकीचे?"

मी खाली बसले.

त्यांचा अजून अर्धा तास उरला होता. तो त्यांनी पूर्ण केला. पण त्यानंतर एकही अवघड शब्द त्यांनी उच्चारला नाही. शब्द आला की अक्षरं सांगायचे. "एस, यू, बी, टी, एल, ई. याचा अर्थ, पटकन डोळ्यांत न भरणारं." एक एक अक्षर, सावकाश, स्पष्ट. अर्धा तास.

शेवटी टाळ्या वाजल्या. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. लिफ्टमध्ये ते म्हणाले, "चहा चांगला होता तुमच्याकडचा." मी म्हणाले, "सर, ते लोक…" ते म्हणाले, "रिक्षा मिळेल ना इथे?" वर येऊन पाहिलं तर बरीच कार्डं खुर्च्यांवरच राहिली होती. मी ती गोळा करून ड्रॉवरमध्ये ठेवली.

पुढची दोन वर्षं मी त्यांच्याकडे गेले नाही. माझं लग्न झालं होतं, मी बोरिवलीला राहत होते, मुलुंड लांब पडतं, ही कारणं होतीच. आईकडे गेले तरी त्यांच्या इमारतीच्या बाजूने जायचं टाळायचे.

मग घाटकोपरला एका दाताच्या दवाखान्यात सरांकडची एक मैत्रीण भेटली. आता ती फिजिओथेरपिस्ट आहे. बोलता बोलता म्हणाली, "अगं, मागच्या महिन्यात सरांचा फोन आलेला. मी घाबरलेच, म्हटलं काय झालं. तर म्हणाले, कागद-पेन घे. मी तुला काही शब्द चुकीचे शिकवले आहेत, ते दुरुस्त करून घे. अकरा शब्द सांगितले यार! प्रत्येक शब्द माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला. शेवटी काय म्हणाले माहितीये? 'मुद्रणदोषाबद्दल क्षमस्व.' सगळ्यांना करतायत ते फोन. हजेरीच्या वह्या काढून, एकेकाला. तुला नाही आला?"

"नाही," मी म्हणाले.

"येईल गं."

मी त्याच रविवारी सकाळी मुलुंडला गेले. काकींनी दार उघडलं. "इलंस गो? ये, बस. आत आसत ते."

सर खिडकीपाशी बसले होते. बारीक झाले होते. समोर कार्डांचा खोका, कानात इयरफोन, हातात मोबाइल. फोनमध्ये शब्द टाकायचा, ऐकायचा, परत ऐकायचा, मग कार्डावर लाल शाईने देवनागरीत उच्चार लिहायचा. मला बघून त्यांनी इयरफोन काढला आणि अगदी नेहमीसारखं म्हणाले, "बस. मी आता 'क्यू'पर्यंत आलोय. हे बघ, क्यू, यू, ए, वाय. याला 'की' म्हणतात! आहे की नाही?"

मी हसायला गेले आणि हसू आलं नाही. "सर, मला फोन का नाही केलात?"

"तुला कशाला? तुझी प्रत शुद्ध होती." त्यांनी कार्ड खाली ठेवलं. "एक सांग मला. तुला कधीपासून माहीत होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "कॉलेजपासून."

"म्हणजे किती?"

"त्या शुक्रवारपर्यंत… दहा वर्षं."

सरांनी हजेरीची वही ओढली. पट्टी ठेवून, बोट सरकवत त्यांनी नावं मोजली. घाई केली नाही. "तुझ्यानंतर सदतीस मुलं आली," ते म्हणाले. "सदतीस जण तेच घेऊन गेले. मुलाखतींना गेले असतील, कुठे कुठे बोलले असतील."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी…"

"तिथे सगळ्यांसमोर बोललीस, त्याचं मला काही नाही गो. चूक दिसली, खूण केलीस. पण त्याच्या आधी दहा वर्षं दिसत होती. दिसत असताना पान पुढे जाऊ दिलंस." आवाज चढला नव्हता. "आमच्या कामात हे चालत नाही."

काकी चहा घेऊन आल्या आणि आमच्या दोघांकडे बघून तो ठेवून गेल्या. मी खाली बघत बसले. ते लोक त्या दिवशी का हसले, तो शब्द त्यांना आधीपासून कसा माहीत होता, हे मी सांगायला हवं होतं. सरांनीही विचारलं नाही. त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, मला कळलं नाही. आता कळणारही नाही. मी म्हणाले, "मी दर रविवारी येऊ का? उरलेले शब्द मी म्हणून दाखवते."

"फोन आहे ना," ते म्हणाले. "दहा वेळा विचारलं तरी कंटाळत नाही तो." मग, बहुधा माझा चेहरा बघून, त्यांनी वहीतून एक कागद काढला. "हे करशील तर बघ. ह्या नऊ जणांचे नंबर बदललेत. मला सापडत नाहीत. तुमच्या त्या कंपनीत माणसं शोधता येत असतील."

नऊ नावं, आणि प्रत्येकापुढे त्याला चुकीचे शिकवलेले शब्द. खाली लिहिलं होतं, 'शुद्धिपत्र'.

मी शोधायला लागले. जुन्या मैत्रिणी, सोशल मीडिया, कुणाच्या मामाचा नंबर. एक बोरिवलीत माझ्यापासून दोन गल्ल्या सोडूनच राहत होती. तिने शब्द लिहून घेतले आणि म्हणाली, मुलीला शिकवीन. एक गोवंडीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होती. तिला मी 'हायपर्बली' सांगितलं तेव्हा तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग ती म्हणाली, "मी तर सहा वर्षं मुलांना हायपरबोल शिकवतेय." "उद्यापासून सुधारा," एवढंच म्हणाले.

एकेक नाव झालं की मी सरांना कळवायचे. ते "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. सातवं नाव कळवलं त्या दिवशी थोडं जास्त बोलले. "झेडपर्यंत पोचलो मी," म्हणाले. "आता दोनच राहिले तुझे." पंधरा दिवसांनी सर गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी गेले तेव्हा खोका झाकण लावून कपाटावर ठेवलेला होता.

ती दोन नावं राहिली ती राहिलीच. आता कुणाला कळवायचं, असं वाटून मी तो कागद पर्समध्ये तसाच ठेवला होता. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने त्यातल्या एकाचा नंबर आपणहून पाठवला. गोरेगावला स्टुडिओत सेट उभारणाऱ्या सुतारांचं काम बघतो. दुसऱ्या नावाचा पत्ता अजूनही नाही.

मी दुपारी फोन लावला. मागे करवत चालू होती. सरांचं नाव सांगितल्यावर त्याला लगेच आठवलं. "अरे हो हो! मी दोनच महिने होतो त्यांच्याकडे. गॅलरीत उभं करायचे! कसे आहेत सर?"

मी सांगितलं. तो "अरेरे" म्हणाला आणि कुणालातरी हाक मारून त्याने करवत बंद करायला लावली.

"त्यांनी तुमच्यासाठी चार शब्द ठेवलेत," मी म्हणाले. "चुकीचे शिकवले होते. दुरुस्त करून घ्यायला सांगितलं होतं."

"चुकीचे? सरांनी?" त्याला पटत नव्हतं. "आणि आता काय उपयोग ताई? मी कुठे इंग्रजी बोलतो? आम्ही इथे हातोडी-खिळे. आणि सरांचं चुकलं तरी कसं? आम्हाला वाटायचं, त्यांचं कधी चुकतच नाही."

"त्यांना कुणी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. मग जे मी त्यांच्यासमोर बसून बोलू शकले नाही, ते या कधी न पाहिलेल्या माणसाला सांगितलं. "मला माहीत होतं. तुम्ही शिकायला आलात त्याच्या आधीपासून. मी सांगितलं नाही. उलट दुसऱ्यांना सांगून हसले."

फळ्या सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता फोन ठेवणार.

"थांबा," तो म्हणाला. "पेन्सिल घेतो." आणि जरा वेळाने, "हां, बोला."

मी पहिला शब्द सांगितला. त्याने तो माझ्यामागून म्हटला, चुकला, आणि न सांगताच पुन्हा म्हणाला.